देवणी गुरांचा कळप आणि दावणीचा हिशेब

बीदरहून हुमनाबादकडे जाणाऱ्या मार्गावर हळ्ळीखेड (बी) हे गाव आहे. गावाच्या नावापुढील 'बी' हे अक्षर 'बुजुर्ग' या शब्दाचे संक्षिप्त रूप होय. येथे घरात कन्नड, बाजारात मराठी आणि जुन्या दस्तऐवजांत उर्दू अशा तीन भाषा सुखाने नांदतात. त्याप्रमाणेच येथील दावणीला बांधलेली गुरेही एका राज्याची म्हणता येणार नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली, त्यापूर्वी उदगीर, देवणी आणि हळ्ळीखेड हा सर्व मुलूख हैदराबाद संस्थानच्या एकाच बीदर जिल्ह्यात मोडत होता. पुढे सीमारेषा आखली गेली. परंतु गुरांचे बाजार, सोयरीकसंबंध आणि देवणी गाय यांनी ती रेषा फारशी मानली नाही.

देवणी गुरांना या भागात डोंगरी असेही म्हणतात. सर्वांग पांढरे व चेहऱ्याच्या दोन्ही बाजू काळ्या असा वानेरा, अंगावर अनियमित काळे ठिपके असलेला शेवेरा आणि पोटाच्या खालच्या बाजूस मोजके ठिपके असलेला बालंक्या असे तिचे तीन प्रकार पशुपालक ओळखतात. दूध आणि शेतीकाम या दोन्ही गोष्टींसाठी उपयोगी पडणारी ही जात आहे. उन्हाळ्याचा ताप, कोरडी वैरण आणि पायपीट ती सहन करते, ही तिची थोरवी होय.

अलीकडे या टापूतील काही सुशिक्षित तरुण गावी परत येऊन वीस-पंचवीस देवणी गायींचा गोठा उभारण्याचा विचार करू लागले आहेत. देशी गायीच्या दुधाला शहरांतून मागणी आहे आणि शासनाच्या योजनाही आहेत. डिसेंबर २०१४ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय गोकुळ मोहीम सुरू केली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने देशी गायीस 'राज्यमाता-गोमाता' म्हणून घोषित केले. उत्साहाला पोषक असे हे वातावरण आहे. तथापि उत्साहाने गोठा उभा राहतो, चालतो मात्र तो हिशेबावर. हा हिशेब कसा मांडावा, हे प्रस्तुत पाठात क्रमाने पाहावयाचे आहे.

१. आपला कळप आणि परदेशातील कळप

अमेरिका किंवा ऑस्ट्रेलिया येथील विस्तीर्ण गोपालनक्षेत्रांची वर्णने आपण वाचतो. तेथे हजारो एकर गवताळ रानात गुरे मोकळी सोडलेली असतात. वर्षाकाठी वासरे मोजावयाची, वाढवावयाची आणि वजनावर मांसासाठी विकावयाची, हा तेथील उत्पन्नाचा मुख्य मार्ग असतो. तेथील मालक गवताचा शेतकरी असतो आणि गुरे ही त्याची पीक कापण्याची यंत्रे असतात, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

आपल्याकडील स्थिती सर्वस्वी भिन्न आहे. आपला कळप शेतीच्या कुशीत वाढतो. त्याचे उत्पन्न चार वाटांनी येते : दूध, वासरे, ओढकाम आणि शेण. पूर्वीच्या काळी या चारांत बैल हा मुख्य व दूध हे आनुषंगिक होते. ज्येष्ठी पौर्णिमेच्या कारहुणवीला किंवा श्रावणी अमावास्येच्या पोळ्याला ज्याची पूजा होते तो बैलच. त्या सणांमागे घरचा अर्थव्यवहारही होता. गाय पाळावयाची ती प्रामुख्याने बैल मिळावा म्हणून.

ट्रॅक्टर आल्यापासून ही व्यवस्था बदलली. पशुगणनेच्या आकड्यांत हा बदल स्पष्ट उमटला आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील गोवर्गीय जनावरांची एकूण संख्या सुमारे १९ कोटी २५ लाख होती. २०१२ शी तुलना करता गायींची संख्या १८ टक्क्यांनी वाढली, तर नर जनावरांची संख्या ३० टक्क्यांनी घटली. म्हणजे ज्या उत्पन्नासाठी देवणी जात शतकानुशतके निवडली गेली, तेच उत्पन्न आटत चालले आहे. आता दुधाने ती जागा भरून काढावी अशी आपली अपेक्षा असते. ती कितपत पुरी होते, हे आकड्यांनीच पाहू.

२. एका वेताचा हिशेब

गायीचा हिशेब दिवसावर किंवा महिन्यावर मांडू नये. तो वेतावर मांडावा. एका व्याण्यापासून दुसऱ्या व्याण्यापर्यंतचा काळ हे गायीचे खरे आर्थिक वर्ष होय. देवणी गायीत हा काळ साधारणपणे १५ महिन्यांचा, म्हणजे ४५० दिवसांचा धरावा लागतो. एका वेतातील दूध सरासरीने ८०० ते ९०० लिटर असते. चांगल्या गायी हजाराच्या पुढे जातात, परंतु हिशेब सरासरीवर करावा हे उत्तम.

आता दहा गायींच्या कळपातील एक गाय घेऊ. सर्व वैरण विकत आणावयाची व कामासाठी पगारी माणूस ठेवावयाचा, असे प्रथम गृहीत धरू. पुढील दर केवळ उदाहरणादाखल आहेत. वाचकांनी त्या जागी आपल्या गावचे दर घालून पाहावेत. रीत तीच राहील.

खर्चाची बाजू :
कडबा व भुसकट, रोज ६ किलो, एकूण २,७०० किलो, दर ६ रुपये : १६,२०० रुपये.
हिरवी वैरण, रोज १२ किलो, एकूण ५,४०० किलो, दर २ रुपये : १०,८०० रुपये.
पेंड व खुराक, दुधाच्या २४० दिवसांत रोज २ किलो आणि व्याण्यापूर्वी ६० दिवस रोज दीड किलो, एकूण ५७० किलो, दर २८ रुपये : १५,९६० रुपये.
औषधपाणी, क्षारमिश्रण, रेतन व विमा : ३,००० रुपये.
दहा गायींमागे एक माणूस, दरमहा १२,००० रुपये; एका गायीचा १५ महिन्यांचा वाटा : १८,००० रुपये.
गायीची किंमत ५०,००० रुपये, तिच्यावर दरसाल दहा टक्के व्याज, १५ महिन्यांचे : ६,२५० रुपये.
गोठ्याची डागडुजी : १,५०० रुपये.
एकूण खर्च : ७१,७१० रुपये.

उत्पन्नाची बाजू :
दूध ८६० लिटर. त्यांतील २६० लिटर वासरू पिते असे धरून विक्रीस ६०० लिटर, दर ४५ रुपये : २७,००० रुपये.
शेण, रोज १० किलो, एकूण ४,५०० किलो, दर १ रुपया : ४,५०० रुपये.
सहा महिन्यांचे वासरू, नर-मादी सरासरी किंमत : १०,००० रुपये.
एकूण उत्पन्न : ४१,५०० रुपये.

म्हणजे एका गायीमागे एका वेतात ३०,२१० रुपयांची तूट येते. दहा गायींची तूट तीन लाखांवर जाते. कितीही काटकसर केली किंवा दुधाचा दर थोडाफार वाढवून घेतला, तरी हे अंतर सहज भरून निघण्यासारखे नाही. दुधाने ही तूट भरावयाची म्हटल्यास दर लिटरला पंचाण्णव रुपयांच्या पुढे न्यावा लागेल. शहरातील थोड्या गिऱ्हाइकांकडून तसा दर मिळतो. परंतु हळ्ळीखेडहून रोज ते दूध पोहोचविण्याचा खर्च व बाटलीबंद करण्याचा खटाटोप मग हिशेबात स्वतंत्रपणे धरावा लागतो.

३. त्याच गायीचा दुसरा हिशेब

असे असूनही या भागातील कित्येक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या देवणी गायी बाळगून आहेत आणि ती बुडालेली नाहीत. याचे कारण त्यांच्या हिशेबाची मांडणी वेगळी आहे. तीच गाय शेतकऱ्याच्या घरी दावणीला आहे असे समजू. कडबा घरच्या ज्वारीचा आहे, हिरवी वैरण बांधावरची व पाटाकडेची आहे आणि दावणीचे काम घरची माणसे करतात. गाय घरच्याच कालवडीची झालेली असल्याने तिच्यावर कोणाचे व्याज चालत नाही.

अशा स्थितीत रोख खर्च असा राहतो : खुराक १५,९६० रुपये, औषधपाणी ३,००० रुपये, डागडुजी १,५०० रुपये, हिरव्या वैरणीचे बियाणे व पाणी २,७०० रुपये, कडब्याची कापणी व वाहतूक १,५०० रुपये, एकूण २४,६६० रुपये. उत्पन्न पूर्वीचेच, ४१,५०० रुपये. शिल्लक १६,८४० रुपये. दरमहा एका गायीमागे अकराशे रुपयांहून किंचित अधिक.

येथे समाधान मानून थांबणे मात्र योग्य नव्हे. चिकित्सक वाचक विचारील की, घरची वैरण फुकट कशी धरली? ती विकली असती तर? पहिल्या हिशेबातील दराने तिची किंमत २७,००० रुपये होते. कापणी, बियाणे वगैरेंचे ४,२०० रुपये वजा केले तरी २२,८०० रुपये उरतात. म्हणजे गायीला खाऊ घालून १६,८४० रुपये मिळाले आणि तीच वैरण विकून २२,८०० रुपये मिळाले असते! ही शंका रास्त आहे, आणि या पाठाचे सारही तिच्याच उत्तरात सामावले आहे.

उत्तर असे की, सर्व वैरणीला गिऱ्हाईक नसते. चांगल्या कडब्याला शेकड्याने भाव मिळतो. परंतु सोयाबीनचे भुसकट, तुरीचा भुसा, बांधावरचे गवत, निंदणीत निघालेले तण आणि ज्वारीच्या काढणीनंतर रानात राहिलेले धसकट यांना कोण विकत घेतो? ते बहुधा जाळले जाते किंवा कुजून जाते. श्रमाचेही तसेच आहे. सकाळच्या एका तासाची धारपाण्याची मेहनत किंवा घरातील वडीलधाऱ्यांनी संध्याकाळी गुरांवर ठेवलेली नजर, यांना मजुरीच्या बाजारात दर नाही. ज्या वैरणीला आणि ज्या श्रमाला दुसरे गिऱ्हाईक नाही, त्यांचे रोख मोल करून देणारी देवणी गाय होय. जेथवर ही बिनगिऱ्हाइकाची वैरण पुरते तेथवर कळप फायद्यात असतो. ती संपून विकतची पेंढी गव्हाणीत पडू लागली की पहिल्या हिशेबाची तूट सुरू होते.

संकरित गाय याहून वेगळी आहे. ती रोज दहा-पंधरा लिटर दूध देते. त्यामुळे विकतच्या खुराकाचा भार ती काही अंशी पेलू शकते. देवणी गायीकडून तशी अपेक्षा करणे म्हणजे बैलगाडीस घोडा जुंपण्यासारखे आहे. प्रत्येकीचे अर्थशास्त्र निराळे आहे.

४. थांबण्याची किंमत

कळपाच्या खर्चात एक रक्कम अशी असते की जी कोणाला द्यावी लागत नाही, म्हणून ती डोळ्यांना दिसत नाही. ती म्हणजे थांबण्याची किंमत. वरील वेतात गाय २४० दिवस दुधात होती व २१० दिवस भाकड होती. सात महिने ती खाते, पण दूध देत नाही. व्याण्यापूर्वीचे दोन महिने गाय आटवून विश्रांतीत ठेवणे तिच्या प्रकृतीसाठी आवश्यकच आहे. त्याहून अधिक जे दिवस जातात ते बहुतांशी माज न ओळखल्यामुळे, वेळेवर रेतन न झाल्यामुळे किंवा क्षारांच्या अभावी गाय उलटल्यामुळे जातात.

दोन वेतांतील अंतर ४५० वरून ४०० दिवसांवर आणले तर दहा वर्षांत आठ ऐवजी नऊ वेते मिळतात. वरील दराने एका अधिक वेताचे दूध व वासरू मिळून ३७,००० रुपयांचे उत्पन्न होते. यासाठी मोठ्या भांडवलाची गरज नाही. पहाटे व संध्याकाळी माजाची लक्षणे पाहणे, बारा तासांच्या आत दवाखान्याशी संपर्क साधणे आणि रोज चमचाभर क्षारमिश्रण देणे, एवढेच पुरते.

कालवडीच्या बाबतीत थांबण्याची किंमत आणखी मोठी असते. देवणी कालवड पहिल्यांदा व्यावयास साधारण साडेतीन वर्षे लागतात. हयगय झाल्यास चार वर्षेही लागतात. सहा महिन्यांच्या पाडीची किंमत १०,००० रुपये आणि पुढील ३६ महिने रोज सरासरी ३० रुपयांची वैरण धरल्यास, दुधाचा पहिला थेंब मिळण्यापूर्वी तिच्यावर ४२,००० रुपयांहून अधिक खर्च पडलेला असतो. लांबलेल्या प्रत्येक महिन्यागणिक त्यात ९०० रुपयांची भर पडते. जन्मानंतर लगेच चीक पाजणे, पहिल्या तीन महिन्यांत वासराच्या दुधात काटकसर न करणे आणि जंतनाशक वेळेवर देणे हे भूतदयेचे काम आहेच, पण ते हिशेबाचेही काम आहे. वासराच्या तोंडचे दूध विकून मिळविलेले रुपये तीन वर्षांनी दामदुपटीने परत जातात.

५. गंजी पाहून कळप ठरवावा

कळप किती मोठा असावा, हा प्रश्न गोठ्याच्या लांबीरुंदीवरून सोडवावयाचा नसतो. तो वैरणीच्या गंजीवरून सोडवावयाचा असतो. एका गायीस रोज ६ किलो कोरडी वैरण म्हणजे वर्षास सुमारे २२ क्विंटल वैरण लागते. तिच्या वासरास याच्या निम्मी धरावी. कोरडवाहू रब्बी ज्वारीच्या एका एकरातून पीक बरे आल्यास दीड ते दोन टन कडबा मिळतो.

आठ एकर कोरडवाहू जमिनीचा शेतकरी दोन एकर ज्वारी पेरीत असेल, तर त्याच्या गंजीत तीन ते चार टन कडबा असतो. दोन गायी व त्यांची दोन वासरे यांना वर्षास सुमारे साडेसहा टन कोरडी वैरण लागते. उरलेली अडीच-तीन टनांची गरज त्याने सोयाबीन व तूर यांच्या भुसकटातून भागवावी. म्हणजे अशा घरी दोन गायींचा कळप सुखाने नांदतो. तिसरी गाय आली की गंजी उन्हाळ्यापूर्वीच संपते.

लातूर-बीदर भागात गेल्या काही दशकांत सोयाबीनचा पेरा वाढला आणि ज्वारीचा घटला. ज्वारी घटली ती धान्याच्या भावाचा विचार करून. परंतु तिच्याबरोबर कडबाही गेला, याचा हिशेब फारच थोड्यांनी केला. हळ्ळीखेडच्या आसमंतात ऊस होतो व गळिताच्या हंगामात वाढे मिळतात. त्यांचा उपयोग जरूर करावा. परंतु केवळ वाढ्यांवर गुरे पोसू नयेत. त्यांतील ऑक्झलेटमुळे शरीरातील चुना कमी पडतो. यास्तव सोबत कोरडी वैरण व क्षारमिश्रण द्यावे. वैरण कडबाकुट्टीने बारीक केल्यास गव्हाणीतील नासाडी लक्षणीय प्रमाणात घटते.

गायरानाचाही उल्लेख करणे अगत्याचे आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात, गावची चराऊ राने जंगलखात्याच्या ताब्यात गेल्याने शेतकऱ्यांची गुरे कशी उघडी पडली, याकडे लक्ष वेधले होते. चराईचे रान आकुंचित झाले की कळपाचा खर्च दावणीवर येतो, हा अर्थव्यवहार त्या काळीही तोच होता. ज्या गावात गायरान अद्याप शिल्लक आहे, त्या गावाने ते अतिक्रमणापासून राखणे म्हणजे प्रत्येक दावणीला दररोज अनुदान देण्यासारखे आहे.

६. दुष्काळात दोन्ही पारडी एकाच बाजूस

इतर धंद्यांत कच्चा माल महागला तर पक्का मालही बहुधा महागतो. गुरांच्या धंद्यात मात्र दुष्काळ पडला की कडब्याचा भाव चढतो आणि त्याच आठवड्यात जनावरांचा भाव उतरतो. कारण सर्वांनाच एकदम विकावयाचे असते. १९७२ च्या दुष्काळात हे घडले आणि मराठवाड्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या त्या अलीकडच्या वर्षांतही तेच घडले. वर्षानुवर्षे जोपासलेली जातिवंत गाय अशा वेळी मातीमोलाने जाते आणि पाऊस पडल्यावर तशीच गाय घेण्यास दुप्पट रक्कम मोजावी लागते.

मोठे भांडवल असलेलेही या संकटातून सुटत नाहीत. याचे उदाहरण अमेरिकेच्या पश्चिम भागात घडले. १८८० च्या सुमारास तेथील गवताळ प्रदेशात गोपालनाची मोठी लाट आली. ब्रिटनमधील भांडवलदारांनीही तेथे पैसा ओतला. गुरे रानाच्या कुवतीपलीकडे वाढली. १८८६ चा उन्हाळा कोरडा गेला, गवत उरले नाही आणि त्यापाठोपाठ १८८६-८७ चा भीषण हिवाळा आला. असंख्य गुरे बर्फात उपासमारीने मेली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट यांचाही डाकोटा प्रदेशातील बहुतेक कळप त्या हिवाळ्यात नष्ट झाला. वायोमिंगमधील स्वान ही विख्यात कंपनी १८८७ मध्ये बुडाली. त्या काळी कळपांचे व्यवहार प्रत्यक्ष गणतीवर न होता वहीतील आकड्यांवर होत. रानात गुरे किती आहेत हे पाहण्याचे कष्ट कोणी घेत नसे. वहीतील कळप वाढत राहिला आणि रानातील गवत संपत गेले.

यांतून दोन बोध निघतात. पहिला असा की, कळप चांगल्या वर्षाच्या गंजीवर न ठरविता मध्यम वर्षाच्या गंजीवर ठरवावा आणि एक तृतीयांश वर्षाची वैरण नेहमी राखीव ठेवावी. दुसरा असा की, पाऊस ओढ देतो आहे असे दिसताच, बाजार पडण्यापूर्वी, कमी प्रतीची एक-दोन जनावरे विकून वैरण वाचवावी आणि उत्तम गाय व उत्तम कालवड राखावी. सर्व जनावरे वाचविण्याच्या प्रयत्नात अखेर सर्वच जातात.

७. गोऱ्हे, बाजार आणि वृद्ध जनावरे

ट्रॅक्टरचा प्रसार झाला असला तरी देवणी बैलास मागणी संपलेली नाही. आंतरमशागतीसाठी लहान शेतकऱ्यास बैल लागतो आणि ज्याच्या घरी बैल नाही तोही भाड्याने औत घेतो. हाळी-हंडरगुळीचा बाजार आणि माळेगावची खंडोबाची यात्रा येथे आजही जातिवंत गोऱ्ह्यांची पारख होते. आदत, दोन दाती, चार दाती, जुळलेला असे वय दातांवरून ठरते आणि त्याबरोबर भावही चढतो. गोऱ्हा आदत असताना विकावा की चार दाती करून, शिकवून विकावा, हा प्रश्न पुन्हा वैरणीचाच आहे. घरी बिनगिऱ्हाइकाची वैरण असेल तर थांबावे. नसेल तर लवकर विकावा. रंग, खूर, वशिंड यांत जो गोऱ्हा खरोखर सरस असेल तो वळूसाठी राखून ठेवण्याचा विचार पशुवैद्यकाच्या सल्ल्याने करावा. बीदर येथील पशुवैद्यक विद्यापीठ आणि उदगीर येथील पशुवैद्यक महाविद्यालय या दोन्ही संस्था या टापूच्या हाताशी आहेत. त्यांचा लाभ घ्यावा.

वृद्ध जनावरांची बाजू अप्रिय असली तरी टाळता येत नाही. पूर्वी हेडी येऊन म्हातारे बैल व भाकड गायी घेऊन जात आणि ती रक्कम नव्या जनावराच्या खरेदीस उपयोगी पडत असे. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून बैल व वळू यांनाही कायद्याने संरक्षण मिळाले. कर्नाटकातील २०२० चा कायदा २०२१ मध्ये अमलात आला. या कायद्यांची चर्चा हा येथील विषय नव्हे. हिशेबाच्या दृष्टीने एवढेच नमूद करावयाचे की, जनावराच्या अखेरच्या किमतीचा रकाना आता कोरा धरावा आणि त्याऐवजी त्याच्या वार्धक्यातील वैरणीची तरतूद खर्चाच्या बाजूस लिहावी. दहा गायींच्या कळपात दोन वृद्ध जनावरे असतील, तर त्यांची वैरण उरलेल्या आठांनी मिळवावयाची असते. दोन राज्यांच्या सीमेवरून जनावर नेताना वाहतुकीचे नियम, कानातील बारा अंकी बिल्ला व पशुवैद्यकीय दाखला यांची आगाऊ चौकशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करून घ्यावी.

८. कर्ज घ्यावे की कळप वाढू द्यावा

समजा, दहा गायी पाच लाख रुपये कर्ज काढून आणल्या. पाच वर्षांची मुदत व दरसाल दहा टक्के व्याज धरल्यास, पहिल्या वर्षी मुद्दलाचे एक लाख आणि व्याजाचे पन्नास हजार द्यावे लागतात. म्हणजे एका गायीमागे १५,००० रुपये. दुसऱ्या, म्हणजे अनुकूल हिशेबातील शिल्लक वर्षाला १३,४७२ रुपये होती. याचा अर्थ, घरची वैरण व घरचे श्रम विनामूल्य देऊनही पहिल्या वर्षाचा हप्ता पुरा होत नाही. शिवाय हप्ता ठरल्या तारखेस येतो. गाय मात्र सात महिने भाकड असते.

यावरून कर्ज वाईट असा निष्कर्ष काढू नये. पशुपालकांना किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९ पासून उपलब्ध झाली आहे. सुगीच्या काळात स्वस्त वैरण भरून ठेवण्यासाठी किंवा कडबाकुट्टी यंत्रासाठी असे अल्प मुदतीचे कर्ज लाभदायक ठरते. गायींच्या खरेदीसाठी मात्र सावकाश पाऊल टाकावे. दोन उत्तम गायींपासून प्रारंभ केल्यास घरच्याच कालवडींवर कळप दुप्पट व्हावयास पाच-सहा वर्षे लागतात. हा वेग मंद वाटेल. परंतु तेवढ्या अवधीत वैरणीची व्यवस्था, दुधाचे गिऱ्हाईक आणि मालकाचे ज्ञान या तिन्ही गोष्टी कळपाबरोबर वाढतात. ग्रामीण भागात चालत आलेली अर्धलीची रीतही या दृष्टीने ध्यानात घेण्यासारखी आहे. एकाने पाडी द्यावी, दुसऱ्याने ती वाढवावी आणि वाढलेली किंमत दोघांनी वाटून घ्यावी. यात व्याज नाही व हप्ताही नाही. करार मात्र लेखी असावा.

गायी एकाच वेळी व्याव्यात असे नियोजन करू नये. चार-चार महिन्यांच्या अंतराने त्या व्याल्या तर दुधाची धार व रोख उत्पन्न वर्षभर चालू राहते. लाळ्या-खुरकूत रोगाची लस राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाखाली विनामूल्य टोचली जाते. ती चुकवू नये. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाने अनेक गोठ्यांचे गणित एका महिन्यात विस्कटले, हे सर्वांना ज्ञात आहे. लस आणि विमा हे कळपाचे खर्च नसून त्याचे कुंपण आहे.

९. स्वाध्याय

वाचक बंधू-भगिनींनी एक साधी वही करावी. प्रत्येक जनावरास एक पान द्यावे व त्यावर जन्म, माज, रेतन, व्याणे आणि आटवणे यांच्या तारखा लिहाव्यात. आठवड्यातून एक दिवस दूध मोजून नोंदवावे. विकत आणलेल्या प्रत्येक वस्तूची व विकलेल्या प्रत्येक वस्तूची रक्कम त्याच दिवशी लिहावी. त्यानंतर पुढील पाच प्रश्नांची उत्तरे आपल्या वहीतून शोधावीत.

एक : माझ्या रानात, दुसरे गिऱ्हाईक नसलेली वैरण वर्षाला किती क्विंटल निघते?
दोन : त्या वैरणीवर किती जनावरे मध्यम पावसाच्या वर्षी निभतील?
तीन : माझ्या प्रत्येक गायीच्या दोन वेतांत किती दिवसांचे अंतर पडले?
चार : वैरण विकत घ्यावी लागली असे महिने गेल्या तीन वर्षांत किती होते?
पाच : आज एक जनावर कमी करावयाचे झाल्यास ते कोणते आणि का?

ज्याला या पाचही प्रश्नांची उत्तरे आकड्यांत देता येतात, तो पशुपालक कळप वाढविण्यास सिद्ध झाला असे समजावे. देवणी जात ही हळ्ळीखेडपासून उदगीरपर्यंतच्या शेतकऱ्यांनी निवडीने व निगुतीने घडविली आहे. ती टिकावी ही सर्वांचीच इच्छा आहे. परंतु केवळ अभिमानाने किंवा अनुदानाने कोणतीही जात टिकत नाही. ती पाळणाऱ्याच्या घरी वर्षाअखेर चार पैसे शिल्लक राहिले तरच टिकते. ती शिल्लक गंजी, वही आणि वेळेवर ओळखलेला माज यांतून निर्माण होते. या तीन गोष्टींकडे पशुपालकांनी लक्ष पुरवावे आणि मगच गोठ्याची भिंत वाढवावी, हेच हितावह होईल.